धडक डिसेंबरात, गाडी गरम एप्रिलमध्ये : पुढून ठोकलेल्या गाडीचं कूलिंग कुठे बिघडतं

सनावदला माझं माहेर. आई तिथे एकटी राहते, म्हणून महिन्यातून दोनदा तरी इंदूर–सनावद फेरी होते आणि गाडी मीच चालवते. जाताना उतार, काही त्रास नाही. परत येताना बडवाह, बलवाडा, चोरल मागे पडून भेरूघाटाची चढण लागली की गेल्या एप्रिलपासून तापमानाचा काटा मधली जागा सोडायचा. तिसऱ्या-चौथ्या वळणाला तो लाल पट्टीच्या जवळ गेलेला असायचा. एसी बंद, काचा खाली, पुढे भरलेल्या ट्रकांची रांग, मागच्या सीटवर आई, आणि माझे डोळे रस्त्यापेक्षा त्या काट्यावर जास्त. सिमरोलला पोचून सपाट रस्त्यावर दहा मिनिटं गाडी चालली की काटा आपोआप खाली यायचा. शहरात तर काहीच नाही. राजवाड्याच्या गर्दीतही गाडी शहाण्यासारखी वागायची.

एप्रिल ते जून तीन वेळा गाडी गॅरेजमध्ये गेली. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) बदलला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदललं, रेडिएटरची टोपी बदलली, एकाने वॉटर पंपसुद्धा खोलून पाहिला. प्रत्येक वेळी ‘आता नाही होणार ताई’ असं ऐकलं आणि पुढच्या चढणीला पुन्हा तेच. कारण सापडलं तेव्हा कळलं की ते इंजिनात नव्हतंच. ते बंपरच्या मागे होतं, डिसेंबरातल्या एका धडकेत. ज्यांची गाडी पुढून ठोकली गेली आहे, डेंटिंग-पेंटिंग होऊन चकाचक परत आली आहे आणि नंतर गरम व्हायला लागली आहे, त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

धडक अशी : डिसेंबरातली सकाळ, धुकं, सिमरोलच्या जरा अलीकडे एक घोडारोज (नीलगाय) शेतातून एकदम रस्त्यावर आला. वेग फार नव्हता. तो उठून पळाला, आमचा बंपर फाटला, जाळी तुटली, डाव्या हेडलाइटचे कान मोडले, बोनेटला घडी पडली. गॅरेजवाल्यांनी बंपर जोडला, जाळी नवी लावली, बोनेट ठोकून सरळ केलं, रंग मारला. चौथ्या दिवशी गाडी दारात. रंगाची मिळणी इतकी सुरेख की ठोकलेली गाडी आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मलाही आत काही राहिलं असेल अशी शंका आली नाही.

चार महिने काहीच कसं झालं नाही

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, आणि बहुतेक मेकॅनिक इथेच चुकतात. धडक डिसेंबरातली, तक्रार एप्रिलची, म्हणजे दोन्हींचा संबंध नाही असं ते धरून चालतात. पण रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. कूलंट 100 अंशांवर आणि डिसेंबरची हवा 18 अंशांवर असेल तर फरक 82 अंशांचा. एप्रिल-मेमध्ये हवा 42 वर गेली की तोच फरक 58 वर येतो. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता टाकण्याची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. त्यात उन्हाळ्यात एसी चालू असतो, आणि एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो. रेडिएटरला मिळणारी हवा कंडेन्सरमधून आधीच तापून येते.

कंपनी गाडी बनवते तेव्हा या सगळ्याचा हिशोब करून थोडी शिल्लक ठेवते. धडकेत हवेचा मार्ग बिघडला की ही शिल्लक खर्च होते. थंडीत कळत नाही. उन्हाळ्यात सपाट रस्त्यावरही कळत नाही. घाट, भरलेली गाडी, ऊन आणि एसी ही चारही एकत्र आली की कळतं. आमच्याकडे तर बडवाहपासून इंदूरपर्यंत साडेतीनशे मीटरहून जास्त चढ आहे आणि त्यातला मोठा भाग घाटातच. दुसऱ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगाने चढताना इंजिन पूर्ण जोर लावत असतं आणि वेग कमी म्हणून समोरून आपोआप शिरणारी हवा नगण्य. सगळा भार पंख्यावर. तेव्हा मेकॅनिकने गाडी नेहरूनगरला दोन चकरा मारून ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणून सांगितलं, तर तो खोटं बोलत नसतो. त्याच्या चकरेत बिघाड दिसणारच नाही.

काटा चढलाच तर

पुढचं सांगण्याआधी हे सांगायला हवं, कारण पहिल्या वेळी मी स्वतः घाबरून चुकीचं केलं होतं, लगेच गाडी बंद केली आणि बोनेट उघडायला धावले.

काटा मधल्या जागेवरून वर सरकू लागला, पण लाल पट्टीत गेला नाही, तर आधी एसी बंद करा. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर टाका. मेमध्ये हे नको वाटतं, पण हीटर म्हणजे गाडीतला एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची काही उष्णता ओढून घेतो. भेरूघाटात याच एका उपायाने मला दोन वेळा वरपर्यंत आणलं. आईला ओला पंचा दिला आणि काचा उघड्या ठेवल्या. काटा लाल पट्टीत शिरला, किंवा लाल दिवा लागला, किंवा वाफ दिसली, तर मात्र सुरक्षित जागा पाहून थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. तसंच ‘थोडंच राहिलंय’ म्हणून दोन किलोमीटर जास्त ओढले तर इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड वाकतं, त्याखालचा जोड बंद ठेवणारं गॅस्केट जातं, आणि हजारांचं काम लाखाच्या घरात जाऊ शकतं.

रेडिएटरची किंवा टाकीची टोपी गरम असताना कधीही उघडू नका. बंद यंत्रणेत कूलंट दाबाखाली असतं. टोपी साधारण एक बारच्या आसपास दाब धरून ठेवते, त्यामुळे अर्धं पाणी-अर्धं कूलंट असं मिश्रण 120 अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. टोपी फिरवली की दाब एका क्षणात उतरतो आणि ते सगळं उकळून तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका थंड होऊ द्या, मग टोपीवर जाड कापड ठेवून हळूच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही टाळा. वाटेतला प्रत्येक भला माणूस बाटली घेऊन येतो, त्याला आभार मानून थांबवा.

गरम नेमकी केव्हा होते, हे आधी लिहून काढा

तिसऱ्या गॅरेजनंतर मी शेजारच्या काकांकडे गेले. ते पीथमपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत, आयुष्य गाड्यांत गेलं. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. म्हणाले, ‘‘अगं, आधी मला सांग, उभी असताना तापते की पळताना? एसीने तापते की एसीशिवायही? आणि गाडी ठोकली होतीस का कधी?’’ तिसरा प्रश्न आतापर्यंत कुणीच विचारला नव्हता.

उभी असताना किंवा सिग्नलला, जाममध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर संशय पंख्यावर, पंख्याभोवतीच्या फ्रेमवर, किंवा गरम हवा फिरून पुन्हा रेडिएटरच्या पुढे येण्यावर. उलट, शहरात ठीक आणि बायपासवर ऐंशी-शंभरच्या वेगात तापते, तर हवा शिरण्याच्या-निघण्याच्या वाटेवर, रेडिएटरच्या चेपलेल्या पात्यांवर, किंवा रेडिएटर आतून चोंदण्यावर. घाटातली चढण ही मधली परीक्षा आहे : जोर हायवेपेक्षा जास्त, वारा जामइतका कमी. तिथे दोन्ही बाजूंचे दोष उघडे पडतात. आणि गाडी सुरू केल्यावर कुठेही, दहा मिनिटांतच तापत असेल, तर हवेच्या वाटेचा विचार नंतर करा, आधी कूलंट कमी आहे का, आत हवा अडकली आहे का, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे का ते बघा.

काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवतात की एका मोठ्या पट्ट्यात तो मध्यावरच राहतो, चालक घाबरू नये म्हणून. तो हलला तेव्हा गाडी आधीच बरीच तापलेली असते. काही गाड्यांना तर काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. काकांनी मला स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा एक छोटा ब्लूटूथ रीडर आणायला लावला. मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान अंशांत दिसतं. पुढच्या खेपेला मुलगा शेजारी बसून आकडे लिहीत गेला : सपाट रस्त्यावर 93 ते 96, चोरलपर्यंत 98, घाटात एसी चालू ठेवून 113, एसी बंद केल्यावर 108. एवढ्या एका कागदाने अंदाजाने पार्ट बदलणं बंद झालं.

हवा कुठून येते आणि कुठे जाते

गाडीच्या नाकाचा आकार, जाळी, बंपरच्या खालची फट, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि फोम, इंजिनखालचं कव्हर, हे सगळं मिळून एक बोगदा असतो. आपण त्याला बॉडीचे पार्ट म्हणतो, कारण बिलात ते बॉडीखाली येतात. कामाने मात्र ते कूलिंगचे पार्ट आहेत. पाणी जसं उतार शोधतं तशी हवा सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या दाट पात्यांतून जाण्यापेक्षा बाजूच्या चार बोटांच्या फटीतून जाणं तिला सोपं. फट ठेवलीत तर ती तिथूनच जाणार.

याहून वाईट गोष्ट कमी वेगात होते. पंखा रेडिएटरच्या मागे बसून हवा आत ओढतो आणि इंजिनाकडे फेकतो. ही मागची हवा तापलेली असते. बाजूला फट असेल तर पंखा ती तापलेलीच हवा फटीतून पुढे खेचतो, ती पुन्हा कंडेन्सरसमोर येते, पुन्हा रेडिएटरमधून जाते. पंखा जोरात फिरतोय, आवाज येतोय, मेकॅनिक म्हणतो पंखा एकदम ठीक, आणि गाडी स्वतःचाच गरम श्वास पुन्हा आत घेत असते.

हे तपासायची काकांची पद्धत मला इतकी आवडली की नीट सांगते. संध्याकाळ, वारा पडलेला. गाडी घरापुढे उभी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल, एसी चालू म्हणजे पंखा सतत चालतो. देवघरातली एक उदबत्ती पेटवून आणली. आधी इंधनाचा वास किंवा कुठे गळती नाही याची खात्री केली. ओढणी, बाह्या, केस नीट बांधून घ्यायचे, हात पंख्याच्या बाजूला मुळीच न्यायचा नाही. उदबत्ती जाळीसमोर मधोमध धरली : धूर सरळ आत ओढला गेला, अगदी तारेसारखा. उजव्या कडेला धरली, तसंच. डाव्या कडेला, जिथे धडक बसली होती तिथे धरली, तर धूर आत न जाता बाहेर आमच्याकडे आला. तिथे हाताचा पंजा लावला तर गरम झुळूक लागली, रोटीच्या तव्यावर हात धरल्यासारखी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दोष हाताला लागला.

दुसरी तपासणी रात्रीची. बोनेट उघडून, इंजिन बंद, मागच्या बाजूला टॉर्च धरायचा आणि पुढून जाळीतून पाहायचं. जिथे जिथे रेडिएटरच्या कडेने उजेड सरळ दिसतो, तिथून हवा पळते. तिसरी सगळ्यांना ठाऊक आहे : वर्तमानपत्राचा कागद जाळीसमोर धरला की पंख्याच्या ओढीने तो चिकटून बसायला हवा. कागद उडून बाहेर आला तर पंखा उलटा फिरतोय. दुरुस्तीनंतर पंख्याच्या दोन तारा उलट्या जोडल्या तर असं होतं, आणि डोळ्यांना फिरणारा पंखा फिरताच दिसतो. चिकटतो पण पडतो, असं असेल तर मोटर थकली आहे किंवा पंख्याची फक्त हळूची गतीच लागते आहे.

बंपर काढल्यावर काय दिसलं

दुसऱ्या दिवशी छावणीतल्या एका ओळखीच्या डेंटरकडे बंपर काढला. काका स्टूल टाकून समोर बसले, मी टॉर्च धरला.

रेडिएटर वर ज्या आडव्या पट्टीला अडकतो, ती पट्टी डाव्या बाजूला दीड बोट मागे गेलेली. तिला पुन्हा जागेवर ओढायचं सोडून नुसता रंग मारला होता. त्यामुळे रेडिएटर वरून मागे कललेला, खालचे रबर त्याच्या वजनाने एका बाजूला दबलेले. डाव्या बाजूची हवेची पट्टी नव्हतीच. तुटली असणार आणि दुरुस्तीत टाकून दिली असणार. उजव्या बाजूची होती, म्हणून तुलना करता आली, नाहीतर तिथे काही असायला हवं होतं हे मला कधीच कळलं नसतं. पंख्याच्या फ्रेमचा खालचा कान मोडलेला, फ्रेम रेडिएटरपासून सुटून खाली अंगठा जाईल एवढी फट. या फ्रेममुळे पंखा रेडिएटरच्या पूर्ण क्षेत्रातून हवा ओढतो. ती सुटली की पंख्याच्या पात्यांसमोरच्या गोलापुरतीच हवा येते आणि कोपरे कोरडे राहतात.

कंडेन्सरच्या डाव्या खालच्या भागात, साधारण पोळीएवढ्या जागेत, पातळ पाती चेपून भिंतीसारखी सपाट झालेली. आणि मग काकांनी कंडेन्सर थोडा पुढे सरकवून त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये बोटं घातली. तिथून निघाला तो पदार्थ नमदा होता असंच म्हणेन. धूळ, सावरीचा कापूस, निमाडच्या कापसाच्या ट्रकांमागून उडणारा भुगा, आणि त्यात गुंतलेले राखाडी, राठ केस. त्या घोडारोजाचे. डिसेंबरापासून तिथेच. पुढून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसत होता, तीनही गॅरेजमध्ये पुढून पाणी मारून झालं होतं, आणि त्या पाण्याने तो थर आणखी घट्ट बसला होता.

खाली वाकून पाहिलं तर इंजिनखालचं कव्हरही गायब. धडकेत क्लिपा तुटल्या असतील, वाटेत लोंबत असेल, कुणीतरी काढून टाकलं असेल. पुष्कळ लोक ते मुद्दाम काढतात, खालून हवा लागेल आणि इंजिन थंड राहील म्हणून. वेगात याचं उलटं होतं. हवा रेडिएटरमधून जाते ती समोर दाब जास्त आणि मागे कमी म्हणून. खालचं कव्हर आणि बंपरखालची रबरी ओठासारखी पट्टी गाडीखालून वाहणाऱ्या हवेला इंजिनच्या खोलीत घुसू देत नाहीत, त्यामुळे मागचा दाब कमी राहतो. ती नसतील तर खालून हवा वर घुसते, मागचा दाब वाढतो आणि समोरून येणारी हवा अडखळते. प्रत्येक गाडीत याचा परिणाम सारखा नसतो, काहींत फारसा कळत नाही. आमच्या गाडीत बायपासवर शंभरच्या वेगात जे दोन-चार अंश वाढायचे, ते कव्हर लावल्यावर कमी झाले.

बोनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून ते उचलून ठेवणारेही पाहिले आहेत, गरम हवा निघून जावी म्हणून. उभ्या गाडीत थोडी वाफ निघते, हे खरं. पण पळत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते. धडकेनंतर बोनेट नीट बसलं नसेल, मागचं रबर उखडलं असेल, तरी तेच.

काय केलं, आणि क्रम

आडवी पट्टी बदलली. ठोकून सरळ करता आली असती, पण डेंटरने स्वतःच सांगितलं की रेडिएटर जिथे टांगतो तिथे ठोकठाकी नको, अंतर चुकलं की बॉडी कंपेल आणि रेडिएटरच्या कडेचे जोड गळतील. हे बोलणारा डेंटर मिळणं हे नशीब. पंख्याची फ्रेम नवी, डाव्या बाजूची पट्टी नवी, इंजिनखालचं कव्हर नवं, सगळ्या क्लिपा नव्या. बाजूच्या फोमला मूळ तुकडा मिळाला नाही, म्हणून उष्णता सहन करणारा बंद छिद्रांचा फोम कापून चिकटवला. गादीचा फोम लावू नका, तो पाणी पितो आणि दोन महिन्यांत भुगा होतो.

पाती सरळ करायला दातेरी कंगवा मिळतो. घाई न करता, वरून खाली, एकेक ओळ. धुताना रेडिएटर आणि कंडेन्सर वेगळे करून, मागून पुढे, साध्या नळाच्या धारेने. कार वॉशच्या जोराच्या धारेने पाती झोपतात, हे आम्ही शेजारच्या गाडीत प्रत्यक्ष पाहिलं.

नंतर कूलंट भरणं. बॉडीच्या कामात रेडिएटर काढलेला असेल तर इथे हमखास घोटाळा होतो, कारण डेंटरचं लक्ष पत्र्यावर असतं. नळाचं पाणी भरून मोकळे होतात. नर्मदेचं असो की बोअरचं, पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, म्हणून कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, ठरलेल्या प्रमाणात. आत अडकलेली हवा काढायची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी, काहींत त्यासाठी छोटा स्क्रू असतो. हवा राहिली तर हीटरमधून कधी गरम, कधी गार हवा येते आणि काटा उगाच उड्या मारतो. असं दिसलं तर पार्ट बदलायला धावू नका, आधी हवा काढून घ्या.

मग प्रेशर टेस्ट, म्हणजे कूलंटच्या यंत्रणेत दाब भरून गळती पाहणं. हल्लीच्या रेडिएटरला मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन्ही कडेच्या टाक्या प्लास्टिकच्या, रबर घालून दुमडून बसवलेल्या. धडकेत टाकी तुटली नाही तरी तो जोड किंचित उघडू शकतो. थंड गाडीखाली एक थेंब दिसत नाही. तापून दाब चढला की बारीक गळती होते आणि गरम पत्र्यावर लगेच वाळून जाते. राहतो तो फक्त रंगीत, पांढुरका डाग. दर महिन्याला टाकीतली पातळी बोटभर खाली जात असेल आणि खाली ओल नसेल तर जोडाच्या कडेने टॉर्च फिरवून तो डाग शोधा.

थर्मोस्टॅट काढून टाका, असा सल्ला मला दोघांनी दिला. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि इंजिनाला योग्य तापमानावर ठेवतो. काढला तर हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बाजूची वाट बंद करत असतो, तो नसला की काही कूलंट रेडिएटरला टाळून फिरत राहतं. बिघाड असेल तर बदला, काढून फेकू नका.

हे सगळं झालं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस आला नव्हता, ऊन तसंच होतं, म्हणून परीक्षा खरी झाली. सनावदहून येताना आई, एक पोतं गहू आणि एसी चालू. मुलाने पुन्हा आकडे लिहिले. सपाट रस्त्यावर 92, घाटात सगळ्यात जास्त 101, आणि पंखा पूर्ण वेगावर गेला की खाली 97. मी काट्याकडे एकदाही पाहिलं नाही, असं म्हणणार नाही. पाहिलं, दर वळणाला पाहिलं. तो हलला नाही.

जाळीपुढे लावलेल्या वस्तू

धडक नसतानाही हाच त्रास होतो तेव्हा आधी गाडीच्या तोंडाकडे पाहा. जाळीत किडे जाऊ नयेत म्हणून लावलेली मच्छरदाणीची जाळी, बंपरच्या खालच्या फटीपुढे आलेली मोठी नंबर प्लेट, जादा फॉगलाइट, सजावटीचं प्लास्टिक, हे सगळं हवा अडवतं. पुढे लावायच्या लोखंडी गार्डबद्दल तर वेगळंच सांगायला हवं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, कारण पायी चालणाऱ्यांना ते जीवघेणे ठरतात आणि धडकेचा मार बंपरऐवजी थेट चॅसीला जातो. धडकेनंतर ‘पुढच्या वेळी वाचेल’ म्हणून मीही गार्ड बसवायच्या बेतात होते. बसवला नाही, हे बरं झालं.

विम्याचं काम करताना

सर्वेअर येतो तेव्हा बंपर लावलेलाच असेल तर त्याला फाटलेला बंपर आणि तुटलेली जाळी एवढंच दिसतं. बंपर काढूनच पाहणी करायला सांगा आणि फोटो घ्या : वरची आडवी पट्टी, रेडिएटरचे रबर, पंख्याची फ्रेम, दोन्ही बाजूंच्या हवेच्या पट्ट्या, खालचं कव्हर, चाकावरचं आतलं अस्तर. एस्टिमेटमध्ये हे पार्ट नावाने लिहून घ्या, क्लिपांसकट. प्लास्टिकच्या पार्टवर साध्या पॉलिसीत निम्मा घसारा कापला जातो, झिरो डेप असेल तर कापला जात नाही. ही यादी नसल्यामुळेच लहान पार्ट सुटतात, कारण ते लावले काय आणि न लावले काय, बाहेरून गाडी सारखीच दिसते.

पॉलिसीतली आणखी एक अट ध्यानात ठेवा. अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. म्हणजे ठोकलेल्या, गळक्या रेडिएटरने घरी आणताना इंजिन जाम झालं तर ते विम्यात बसेलच असं धरू नका. अशा वेळी टोइंग बोलवा.

आणि हे सगळं पाहूनही गाडी तापत असेल, कूलंट कमी होत असेल पण गळती सापडत नसेल, सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या टोपीखाली लोण्यासारखा थर दिसत असेल, तर गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा उदबत्ती बाजूला ठेवा आणि चांगल्या इंजिन मेकॅनिककडे जा. गरम गाडी ओढून नेल्यामुळेच गॅस्केट गेलेलं असू शकतं, म्हणून तेही बदला आणि हवेची वाटही दुरुस्त करा, नाहीतर नवं गॅस्केट पुढच्या मेमध्ये पुन्हा जाईल.

पावसाळ्यात डाव्या चाकावरच्या आतल्या अस्तराचे दोन स्क्रू पुन्हा गळाले. तिथून आपल्या माळव्याची काळी माती उडून थेट रेडिएटरच्या कोपऱ्यावर बसते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते. मी आता सनावदहून आल्यावर दर वेळी वाकून तिथे हात फिरवते, आणि मातीचा थर लागला तर ओली असतानाच धुऊन काढते.